झऱ्यावरचा रस्ता

मित्रांनो, रस्ते खात्याच्या चौकीमागे, पत्र्याच्या छपराखाली, तीन लोखंडी चाकांचा आणि वाकड्या धुराड्याचा एक रोलर उभा आहे. तो जुना रोलर म्हणजे मी. माझे वजन दहा टन आहे. वेग म्हणाल तर माणसाच्या चालण्याएवढा, आणि तोही जेवून निवांत निघालेल्या माणसाच्या. सायकली, बैलगाड्या, एकदा तर एक लंगडी शेळीही मला मागे टाकून गेली. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. माझे काम पुढे पळण्याचे नव्हते, इतरांना पळता यावे म्हणून जमीन दाबण्याचे होते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तापलेले लोखंड साच्यात ओतून माझी चाके घडवली. पुढचे चाक रुंद, मागची दोन उंच. डोक्यावर पत्र्याचे छत आणि बसायला भोके भोके असलेली लोखंडी खुर्ची. हिरवा रंग दिला, पोटावर पांढऱ्या रंगात खात्याचा आकडा घातला आणि मला रेल्वेच्या उघड्या डब्यातून या डोंगराळ भागात पाठवले. स्टेशनवर उतरवून घ्यायला जो तरुण चालक आला होता, तो माझ्याभोवती दोनदा फिरला. मग चाकावर हात ठेवून म्हणाला, "घाई नाही ना तुला? मलाही नाही."

त्याला सगळे सबुरीदादा म्हणत. खडी पसरणारी माणसे भराभर हात चालवू लागली की तो वरून ओरडे, "अरे, जरा सबुरीनं! रस्ता पळून जात नाही." त्यावरून हे नाव पडले. त्याचे खरे नाव पगाराच्या दिवशी तेवढे कानावर येई.

आम्ही दोघांनी केलेला पहिला मोठा रस्ता म्हणजे नदीकाठचा रस्ता. वरच्या गावापासून खालच्या शहरापर्यंत, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला नदी. त्याआधी वरच्या गावातली माणसे पायवाटेने दिवसभर चालून शहरात पोचत. आजाऱ्याला बाजेवर घालून नेत. त्या रस्त्याला आम्हाला तीन वर्षे लागली.

तिसऱ्या वर्षी एका वळणावर आमचे काम अडले. डोंगराच्या पोटातून तिथे एक झरा येत होता. दिसायला अगदी बारीक, पण बारा महिने वाहणारा. वरून कितीही मुरूम टाकून दाबला तरी दुसऱ्या दिवशी माझे चाक तिथे रुतायचे. तेव्हाचे मुकादम म्हातारे आणि फार कडक होते. ते म्हणाले, "पाण्याशी भांडायचं नाही. त्याला वाट द्यायची." मग रस्त्याखालून आडवा, छातीभर खोल चर खणला. त्यात मोठे दगड, त्यावर लहान दगड, असे हाताने रचून भरले. झऱ्याचे पाणी त्या दगडांमधून गुपचूप नदीकडे जाऊ लागले आणि वरचा रस्ता कोरडा राहिला.

ते दगड रचणाऱ्या टोळीत एक मुलगी होती. तिचा हात इतका नीटनेटका की तिने रचलेला दगड हलवून पाहिला तरी हलत नसे. सबुरीदादा त्या दिवसांत मला विनाकारण थांबवू लागले. कधी म्हणत, इंजिन तापलेय. कधी म्हणत, चाकाला माती चिकटलीय. माझे इंजिन मुळीच तापलेले नसे. पण मी कशाला बोलू?

वर्षभरात त्यांचे लग्न झाले. त्या मुलीला पुढे सगळे काकू म्हणू लागले.

मित्रांनो, ते दिवस फार चांगले होते. एका कामावरून दुसऱ्या कामावर जायला मला कधी कधी चार दिवस लागत. मागे एक छोटी गाडी जोडलेली असे. तिच्यात तंबू, भांडी, डिझेलचे पिंप आणि नंतर नंतर एक झोळी, तिच्यात त्यांची लेक. काकू माझ्याबरोबर चालत निघायच्या आणि थोड्याच वेळात कंटाळून पुढे जायच्या. पुढच्या झाडाखाली चूल पेटवून जेवण तयार करून आमची वाट बघायच्या. आम्ही पोचलो की म्हणायच्या, "आलात? मला वाटलं, उद्या येताय." सबुरीदादांचे उत्तर ठरलेले असे. "रस्ता बघत बघत आलो."

गावात शिरलो की शाळा सुटायची. गुरुजींनी सोडली नाही तरी सुटायची. मुले माझ्या चाकाखाली खडे, खिळे, बाटल्यांची झाकणे ठेवून ती चपटी करून घेत. दमलेले बाप्ये माझ्या सावलीत येऊन बसत. नवा रस्ता दाबून झाला की एखादी म्हातारी अनवाणी चालून बघायची आणि म्हणायची, "अंगणासारखा झाला की!" तेवढे ऐकले की माझ्या दहा टनांतला एक टन हलका व्हायचा.

पण दिवस सारखे राहत नाहीत. खात्याने नवे रोलर घेतले. ते थरथरत चालत, माझ्या निम्म्या वेळात दुप्पट काम करत आणि त्यांच्या चालकाला बसायला काचेची खोली असे. सबुरीदादा निवृत्त झाले, तेव्हा मलाही वरच्या गावातल्या चौकीमागे आणून उभे केले. एक कारकून आला. त्याने माझ्या अंगावर खडूने फुली मारली आणि वहीत मला भंगाराच्या यादीत लिहिले. मला न्यायला मात्र कोणीच आले नाही. मला उचलून न्यायचे म्हणजे काही खायचे काम नव्हते.

सहा वर्षे मी तिथे उभा होतो. माझ्या धुराड्यात चिमण्यांनी घरटे केले. एका कोंबडीने खुर्चीखाली अंडी घातली. खडूची फुली पावसाने धुऊन गेली, पण तिच्या जागी गंज चढला. माझ्याकडे येणारे माणूस एकच. सबुरीदादा आठवड्यातून एकदा यायचे, माझ्या इंजिनाचे जड फिरते चाक हाताने चार वेळा फिरवायचे, सांध्यांना तेल घालायचे आणि बांधावर बसून राहायचे. चौकीच्या नव्या मुकादमबाई हसून विचारायच्या, "दादा, कशाला त्रास घेता? हा आता कुठं चालणार आहे?" ते म्हणायचे, "चालायचं नसलं तरी सांधे मोकळे असावेत, बाई. माझेही आणि याचेही."

मग ते वर्ष आले.

एका शनिवारी काकू मागच्या दारी पाय घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. रुग्णवाहिका आली आणि त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. लेक बरोबर गेली. गाडीत एकालाच जागा होती, म्हणून सबुरीदादा मागे राहिले. सकाळच्या पहिल्या बसने कपडे आणि औषधांची पिशवी घेऊन निघायचे, असे ठरले.

ती बस आलीच नाही. दोन दिवस कोसळणाऱ्या पावसाने नदी फुगली होती. डोंगरातून वाहत आलेली झाडे आणि फांद्या वळणाजवळच्या मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या बोगद्याच्या, तोंडात अडकल्या. त्या मोरीची तोंडे पावसाळ्यापूर्वी साफ करायची असतात. त्या वर्षी ते राहून गेले होते. पाण्याला वाट मिळाली नाही, तेव्हा ते रस्त्यावरून गेले आणि जाताना रस्ताच घेऊन गेले. त्याच झऱ्याच्या वळणावर चाळीस पावले लांबीचा तुकडा नदीत गेला. वरचे गाव पुन्हा एकटे पडले.

डोंगरावरून जुनी पायवाट होती, पण ती दहा तासांची. सबुरीदादांचे गुडघे घराच्या पायऱ्या चढतानाही कुरकुरत होते.

खात्याची नवी यंत्रे सगळी शहराच्या बाजूला होती. तिथल्या माणसांनी नदीच्या बाजूने दगडी भिंत उचलायला सुरुवात केली. पण वरच्या बाजूची कडही ढासळत होती. ती भरून, थराथराने दाबून पक्की केल्याशिवाय दोन्ही बाजू जुळणार नव्हत्या, आणि वरच्या बाजूला दाबायला काहीच नव्हते. खात्याच्या अभियंता मॅडम पायवाटेने चालत वर आल्या. वय तिशीच्या आत, बूट चिखलाने भरलेले. त्यांनी मुकादमबाईंना विचारले, "इकडं एखादा रोलर नाही का? कसलाही चालेल."

मुकादमबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कसलाही चालेल म्हणालात म्हणून सांगते."

सबुरीदादा धावतच आले. म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना जेवढे धावता येईल तेवढे. मॅडमनी विचारले, "दादा, हा सुरू होईल?"

"विचारून बघतो," ते म्हणाले.

चिमण्यांचे घरटे रिकामे होते, ते अलगद काढून झाडावर ठेवले. कोंबडीला हाकलताना मात्र तिने दोघांना चोच मारली. डिझेल भरले, हँडल लावले. पहिल्यांदा मी नुसता खोकलो. दुसऱ्यांदाही. टोळीतली चार धट्टीकट्टी माणसे आळीपाळीने हँडल मारून घामाघूम झाली. मग सबुरीदादा माझ्या कानाशी, म्हणजे इंधनाच्या पंपाशी, वाकले. त्यांनी एक छोटा स्क्रू पाव आटा फिरवला आणि म्हणाले, "जरा सबुरीनं मारा आता." सहा वर्षांचा काळा धूर एकदम बाहेर पडला. मुकादमबाईंचे पिवळे हेल्मेट काळे झाले. आणि मी चालू झालो! मित्रांनो, खोटे कशाला सांगू, त्या दिवशी गावातल्या शाळेला पुन्हा आपोआप सुट्टी झाली.

काम सुरू झाले. टोळी मुरूम आणि खडी पसरायची आणि मी ती दाबत पुढे मागे जायचो. कडेपासून सुरुवात करून हळूहळू डोंगराकडे सरकायचे. कडेला माझ्या चाकापासून नदीपर्यंत दोन हात जागा असे. सबुरीदादांचा हात एकदाही चुकला नाही.

मोबाइलची रेंज त्या भागात फक्त मोरीच्या कठड्यावर उभे राहिले तरच यायची. रोज दुपारी सबुरीदादा कठड्यावर चढायचे आणि मुकादमबाई त्यांना खालून धरून उभ्या राहायच्या. फोनवर लेक सांगायची की आईची साखर वाढलेली आहे, ती खाली आली की ऑपरेशन. मग काकू फोन घ्यायच्या.

"जेवताय ना?"

"जेवतोय."

"खोटं बोलताय. आवाज पातळ झालाय तुमचा."

"अगं, फोन लांब धरलाय."

"बरं, तारीख मिळालीय. येत्या सोमवारी सकाळी. याल ना तोवर?"

"रविवारी संध्याकाळी रस्ता उघडणार आहे. मी सोमवारी उजाडायच्या आत तुझ्यापाशी असेन."

 काकू म्हणाल्या, "आत न्यायच्या आधी या. मला जरा भीती वाटते." चाळीस वर्षांत असे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. सबुरीदादा कठड्यावरून उतरले आणि त्या दिवशी त्यांनी जेवणाची सुट्टी घेतली नाही.

शनिवारी संध्याकाळी दोन्ही बाजू जुळल्या. शहराकडची माणसे आणि गावाकडची माणसे एकमेकांच्या हातावर टाळ्या देऊ लागली. वरचा शेवटचा थर तेवढा दाबायचा होता. तो दाबत मी त्या वळणावर आलो आणि माझे मागचे डावे चाक किंचित खाली गेले. अगदी किंचित. बोटाच्या एका पेराएवढे. डोळ्यांना दिसले नसते. पण दहा टनांच्या अंगाला कळते. आणि सबुरीदादांनाही कळले, कारण त्यांनी मला थांबवले. मागे घेतले. पुन्हा पुढे नेले. पुन्हा तेच.

झरा! नव्या भरावाने त्याची जुनी वाट बुजली होती. पाणी आत साठू लागले होते.

सबुरीदादांनी इंजिन बंद केले. टोळी घरी गेली, तरी ते माझ्या पायरीवर बसून राहिले. त्यांच्या शेजारी ती पिशवी होती, कपड्यांची आणि औषधांची. गेले आठ दिवस ते ती कामावर घेऊन येत होते. नदी अजून गढूळच वाहत होती. त्यांनी फडक्याने हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"तुलाही कळलं ना?" ते मला म्हणाले.

हो म्हणायला मला तोंड नव्हते.

ते गप्प राहिले असते तर उद्या संध्याकाळी रस्ता उघडला असता. आठ दिवस, कदाचित पंधरा दिवस चांगला राहिला असता. त्यांची बस तर नक्की गेली असती. त्यांच्या मनात काय चालले होते, ते मला सांगता येणार नाही. एवढेच सांगतो की अंधार पडायला लागला तेव्हा ते उठले, पिशवी उचलली आणि माझ्या चाकाला हात न लावताच घरी गेले. असे पूर्वी कधी झाले नव्हते.

रविवारी सकाळी ते सगळ्यांच्या आधी आले. मॅडम आल्याबरोबर म्हणाले, "मॅडम, जरा वर या. माझ्या शेजारी उभ्या राहा. या दांडीला धरा आणि डोळे मिटा."

मॅडम गोंधळल्या, पण चढल्या. आम्ही त्या वळणावरून हळू गेलो.

"काही कळलं?"

"नाही."

"पुन्हा जाऊ."

तिसऱ्या खेपेला मॅडमनी डोळे उघडले. "आत्ता. डावीकडं. बसलं काहीतरी."

मग सबुरीदादांनी झरा, चर, दगड, सगळे सांगितले. मॅडम खाली उतरल्या आणि चिखलातच बसल्या. "दादा, काल का नाही सांगितलंत?"

"काल धीर झाला नाही."

मॅडमनी त्यांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिले. त्या मोरीच्या कठड्यावर चढल्या आणि मोठ्या साहेबांना फोन लावला. मी जवळच उभा होतो. साहेबांचा आवाज फोनमधूनही आमच्यापर्यंत येत होता.

"आज रस्ता उघडायचा, सगळीकडं कळवलंय! तुला हे कुणी सांगितलं?"

"रोलरच्या चालकानं, सर."

"कोण, तो निवृत्त म्हातारा? आणि त्याच्या सांगण्यावरून थांबायचं?"

"सर, त्यांची बायको शहरात दवाखान्यात आहे. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. रस्ता उघडायची घाई आपल्या सगळ्यांत जास्त त्यांना आहे. आणि तेच थांबा म्हणतायत."

 मग साहेब म्हणाले, "किती दिवस?"

"चर सापडला तर दोन."

जमलेल्या लोकांत कुरबुर झाली. किराणा दुकानदार म्हणाला, "आता म्हाताऱ्याला झरे दिसायला लागले!" मुकादमबाई गर्रकन वळल्या. "तुमचं सामान घेऊन गाडी नदीत गेली, म्हणजे दिसेल तुम्हालाही." थोड्या वेळाने तो स्वतःच घरून कुदळ घेऊन आला.

पण चर सापडेना. वळणावर एक मोठा काळा खडक डोंगरातून पुढे आलेला आहे. सबुरीदादांना आठवत होते की चर त्या खडकाजवळ होता. पायी पलीकडे जाऊन ते शहर गाठू शकले असते, पण चराची जागा ठाऊक असलेले आणि मला चालवणारे तिथे तेवढेच होते. त्यांनी शहराच्या बाजूला खणायला सांगितले. दिवसभर खणले. माती लागली, खडी लागली, दगड रचलेला चर काही लागला नाही. मला माहीत होते तो कुठे आहे! माझ्या चाकांना त्या रस्त्याचा वीत न् वीत आठवत होता. मित्रांनो, बोलता न येण्याचे दुःख मला आयुष्यात त्या एका दिवशी झाले.

सोमवारी सकाळी सात वाजता कठड्यावर ठेवलेला मुकादमबाईंचा फोन वाजला. काकू होत्या. मुकादमबाईंनी फोनचा आवाज मोठा केला.

"मला आता आत नेतील," काकू म्हणाल्या. "लेकीनं सांगितलं मला सगळं. चर मिळाला का?"

"नाही गं," सबुरीदादा म्हणाले. "आणि मी तिथं नाही, अगं, मी..."

"ते राहू द्या. कुठं खणताय?"

"काळ्या खडकाच्या शहराकडच्या अंगाला."

"अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? मी चरात दगड रचत होते तेव्हा तुम्ही रोलर कुठं थांबवायचात?"

सबुरीदादांनी इकडे तिकडे पाहिले. वीस माणसे ऐकत होती. ते हळूच म्हणाले, "उंबराच्या झाडाखाली."

"आणि तिथून मी दिसत होते का तुम्हाला?"

"दिसत होतीस."

"स्वच्छ दिसत होते. मुकादमांनी तुम्हाला त्यावरून झापलंही होतं. मग उंबर तर गावाच्या बाजूला. मी खडकाच्या पलीकडं असते तर दिसले असते का? खडक मध्ये आला नसता? गावाच्या बाजूला खणा, खडकापासून चार पावलांवर!"

मुकादमबाई तोंडावर हात धरून हसत होत्या. मॅडमनी मात्र वहीत रेघ ओढून खडक, झाड आणि चर यांचे चित्र काढले आणि म्हणाल्या, "काकूंचं बरोबर आहे."

फोनवर आता दुसरेच आवाज येत होते. कोणीतरी काकूंना चला म्हणत होते. सबुरीदादांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "भीती वाटते का अजून?"

"वाटते थोडी," काकू म्हणाल्या. "तुम्ही खणा." आणि फोन बंद झाला.

त्यांनी खणले. किराणा दुकानदारानेही. दहाच्या सुमारास छातीइतक्या खोलीवर कुदळ टणकन वाजली. सबुरीदादा खड्ड्यात उतरले आणि हाताने चिखल बाजूला करू लागले. खाली दगड होते, एकाला एक लागून रचलेले. चाळीस वर्षांत एकही जागचा हलला नव्हता. फक्त नदीकडचे तोंड मातीने बुजले होते. ते मोकळे केले आणि आधी गढूळ, मग पांढुरके आणि मग अगदी नितळ पाणी नव्या भिंतीत पाण्यासाठी ठेवलेल्या नळातून नदीत पडू लागले. सबुरीदादा तिथेच, गुडघाभर चिखलात, त्या दगडांवर हात ठेवून बसले. कोणी त्यांना घाई केली नाही.

दुपारी आम्ही पहिला थर दाबत होतो. मुकादमबाई मोरीकडून पळत येताना दिसल्या. हेल्मेट हातात घेऊन हलवत होत्या, तोंडाने काही ओरडत होत्या. माझ्या आवाजात काही ऐकू येईना. सबुरीदादांनी मला बंद केले.

"झालं! नीट झालं! शुद्धीवर आल्या!"

"काय म्हणाली?"

"पहिलं वाक्य काय, तर चर सापडला का म्हणून."

सबुरीदादांनी खिशातून फडके काढले आणि तोंड पुसले. मग पुष्कळ वेळ फडके तोंडावरच राहिले. 

बुधवारी सकाळी रस्ता उघडला. फीत नव्हती, भाषण नव्हते. मॅडमनी आडवा लावलेला बांबू उचलून बाजूला ठेवला, एवढेच. पहिली बस सुटली, तिच्यात पुढच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन सबुरीदादा बसले होते. पाठोपाठ दुधाच्या किटल्यांची गाडी, पुस्तकांचे गठ्ठे, किराणा दुकानदाराचा काठोकाठ भरलेला ट्रक. ट्रक वळणावर आला तेव्हा मॅडम रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसून त्याच्या चाकांकडे एकटक पाहत होत्या. ट्रक गेला. रस्ता जिथल्या तिथे होता.

खात्याने माझे नाव भंगाराच्या यादीतून काढले आणि डोक्यावर हे पत्र्याचे छप्पर घातले. आता दरवर्षी पावसाळ्याच्या महिनाभर आधी मॅडम, मुकादमबाई आणि त्यांची टोळी सगळ्या मोऱ्यांची तोंडे साफ करतात. कधी कधी कडेच्या पट्ट्या दाबायला मला बाहेर काढतात. मोठे साहेबही एकदा येऊन गेले. मला पाहून म्हणाले, "हाच का तो?" आणि सबुरीदादांना पाहून हात जोडले.

मित्रांनो, मला तुमच्याकडून काही फार नको. मोरीच्या तोंडात कचरा दिसला, तर कोणाला तरी सांगा. आणि एखादी गोष्ट चुकते आहे असे तुम्हाला आतून कळले, सांगायला उशीर झाला, तरी सांगा. एका रात्रीचा उशीर सबुरीदादांनाही झाला होता. पण ते सकाळी सगळ्यांच्या आधी आले.

एक राहिलेच. रस्ता उघडल्यावर तीन आठवड्यांनी काकू घरी आल्या. टोळीतल्या एका नव्या चालकाच्या हाताखाली मी त्या वळणाच्या थोडा वर कडेची पट्टी दाबत होतो. आजारी माणूस आणणारी ती पांढरी गाडी हळूहळू वर आली आणि माझ्यापाशी थांबली. मुकादमबाईंनी धावत जाऊन मागचे दार उघडले. काकू आडव्या होत्या, दोन्ही हातांनी दांडी घट्ट पकडलेली, डोळे गच्च मिटलेले. शेजारी सबुरीदादा.

"काकू, कशा आहात?"

काकूंनी डोळे उघडले नाहीत. "मला बोलायला लावू नकोस, बाई. आधी तो फुटका तुकडा जाऊ दे. फार धक्के बसणार का गं तिथं?"

मुकादमबाईंनी सबुरीदादांकडे पाहिले. सबुरीदादा खिडकीतून बाहेर बघत होते.

"काकू," मुकादमबाई म्हणाल्या, "तो कधीच मागं गेला."